फादरकाकांचं ‘आम्ही’

थोरल्याने कॅसेट चौथ्यांदा मागे घेतली आणि चौथ्यांदाही फादरकाका तेच म्हणाले.

“आम्ही तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.”

एकतीस वर्षांपूर्वीचं पाणी मोठीच्या, थोरल्याच्या पहिल्या मुलीच्या, टकलावरून ओघळलं. मोठीने भोकाड पसरलं. कॅमेऱ्यामागून थोरल्याचाच तरुण, उतावीळ आवाज आला, “अगं, तिचं तोंड जरा इकडे कर ना!” आणि चित्र हललं.

“पुरे,” आत्या म्हणाली. “बंद कर ते.”

स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिघं होती. थोरला, त्याची मोठी बहीण म्हणजे आत्या, आणि थोरल्याची धाकटी मुलगी, जिला सव्विसाव्या वर्षीही सगळे धाकटीच म्हणत. फादरकाका म्हणजे थोरल्याच्या वडिलांचे भाऊ. त्यांच्या गुरुदीक्षेला, म्हणजे ते फादर झाले त्याला, पुढच्या महिन्यात साठ वर्षं होणार होती आणि सोहळ्यात दाखवायची फिल्म घरच्या स्टुडिओनेच करायची, हे ओघानंच आलं. धाकटी पंधरा दिवस जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवत होती. बुरशी पुसायची, चिकटलेली फीत सोडवायची, उडालेले रंग वर आणायचे. आत्याला बोलावलं ते चेहरे ओळखायला, कारण कोण कुणाचं कोण हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि आत्याने नाव ओळखायचं सोडून सर्वनाम पकडलं.

“अगं आत्या, ते नेहमीच तसं बोलतात,” धाकटी म्हणाली. “‘आम्हाला चहा चालेल’, ‘आम्हाला झोप आली’. फोनवर ऐकलं की वाटतं चौघांचं जेवण टाकावं लागणार.”

“चहाला चालतं. बाप्तिस्म्याला नाही चालत.”

आत्या शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. दोन्हीकडे पायरी चुकली की गुण कापायची. पण आज तिचा आवाज वर्गातला नव्हता.

“बाप्तिस्मा देणारा तिथे स्वतःच्या वतीने उभा नसतो. त्याच्या तोंडून ख्रिस्त ‘मी’ म्हणतो. ‘आम्ही’ म्हटलं की उरलो आपण, जमलेली माणसं. काही वर्षांपूर्वी रोमहून निर्णय आलाय. असा दिलेला बाप्तिस्मा झालेलाच नाही. अर्धवट नाही, कच्चा नाही. झालेलाच नाही.”

“ताई, तू आता कायदा काढू नकोस,” थोरला म्हणाला. “एका शब्दाने काय होतंय? पाणी तेच, बाळ तेच, फादर तेच.”

“मी काढला का कायदा? मला आनंद होतोय असं वाटतं तुला?”

धाकटीने तोवर उरलेल्या पाच कॅसेटींतल्या त्या त्या जागा शोधल्या होत्या. शेजारची जुळी, डॉक्टरांचा मुलगा, ती स्वतः. सगळीकडे ‘आम्ही’. कधी खणखणीत, कधी सर्दीच्या आवाजात, पण ‘आम्ही’.

“म्हणजे माझाही नाही,” ती म्हणाली. “चला, सव्विसाव्या वर्षी कोरी पाटी.”

कुणी हसलं नाही.

“तुझं सोपं आहे गं. रविवारी पाणी घातलं की झालं. तू जिवंत आहेस,” आत्या बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मग तिघांनीही पडद्याकडे पाहिलं. थांबवलेल्या चित्रात मोठीची मूठ वळलेली होती. मोठी एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली, चार दिवसांत. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा तिच्या आईला, म्हणजे घरादाराच्या वहिनीला, कुणी सावरू शकत नव्हतं. भाकरतुकडा नाही, बोलणं नाही. शेवटी फादरकाका तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “सूनबाई, तिच्यावर पाणी पडलेलं आहे. आम्ही स्वतः घातलंय. तिची काळजी तू करायची नाही.” वहिनी दुसऱ्या दिवशी उठली, केस विंचरले आणि काउंटरवर येऊन बसली. या एका वाक्याच्या बळावर ती बारा वर्षं चालत होती, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“हिला कळता कामा नये,” थोरला म्हणाला. “मी काय करतो, एवढ्या तुकड्याचा आवाज काढतो. वर ऑर्गन टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे. आणि कॅसेट फेकून देतो.”

थोरला चाळीस वर्षं लोकांच्या गालावरचे मुरुम आणि डोळ्यांखालची वर्तुळं पुसत आला होता. फोटोतून व्रण गेला की माणसाचाही गेला, अशी त्याची प्रामाणिक समजूत. वाईट माणूस नव्हे तो, मुळीच नव्हे. पण अडचण आली की आधी खोडरबर शोधणार.

“आणि बाकीच्यांचं काय?” आत्या म्हणाली. “साठ वर्षांत त्यांच्या हातून किती पोरांचे बाप्तिस्मे झाले असतील! त्यांना सांगायला नको? बिशपना कळवायलाच हवं.”

“शहाऐंशी वर्षांच्या माणसाला बिशपपुढे उभं करणार तू? सोहळा तोंडावर आलाय. ज्यांच्या मांडीवर बसून प्रार्थना शिकलीस त्यांना?”

“म्हणूनच!” आत्याचा आवाज चिरकला. “त्यांनीच शिकवलं ना मला, खरं ते खरं म्हणून.”

“बाबा बरोबर बोलतायत, आत्या,” धाकटी म्हणाली. “निदान आईपुरतं तरी.”

“तू पण त्यांच्यातली झालीस?”

“मी आईबरोबर राहते, तू नाही राहत. ती अजूनही चर्चमध्ये त्या बाप्तिस्म्याच्या कुंडाला हात लावून पुढे जाते. तिथे मोठीताईला धरलं होतं म्हणून. तिला काय सांगशील, की तिथे काही झालंच नव्हतं?”

पुढच्या काउंटरवरून पासपोर्ट फोटो कापायच्या कटरची खटखट बराच वेळ आलेली नव्हती. हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मोठी हुशार माणसं!

पडदा बाजूला सारून वहिनी आत आली. हातात फोटोंची न कापलेली पट्टी तशीच होती.

“चार वेळा ऐकलं मी,” ती म्हणाली. “प्लायवूडची भिंत आहे. तुम्हीच बसवलीत, स्वस्तात पडते म्हणून.”

थोरल्याने उगाचच संगणकाची वायर चाचपली.

“ताई, माझी मोठी कुठे आहे? तुम्ही सांगा. यांना विचारून काय उपयोग, हे ऑर्गन लावतील.”

“वहिनी, बस आधी.”

“मी उभीच बरी आहे.”

आत्याने श्वास घेतला. हाच प्रश्न वर्गात पोरांनी विचारला तर ती फळ्याकडे वळून दोन मिनिटांत उत्तर द्यायची. इथे फळा नव्हता.

“मोठी सुरक्षित आहे,” ती म्हणाली. “हे तुझी समजूत घालायला म्हणत नाही. देवाने आपल्यासाठी बाप्तिस्म्याची वाट घालून दिली, आपण तिनेच जायचं. पण देवाचे हात त्या वाटेला बांधलेले नाहीत. मोठी श्रद्धेने जगली. आपला बाप्तिस्मा झालाय असंच तिला वाटत होतं. झाला नाही हे कळलं असतं तर धावत गेली असती की नाही?”

“गेली असती.”

“मग ती इच्छाच तिचा बाप्तिस्मा. चर्च असंच मानतं, फार जुन्या काळापासून.”

वहिनीने डोळे मिटले. थोरल्याच्या जिवात जीव आला. झालं, मिटलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तो चहाचं विचारणार, एवढ्यात वहिनीने डोळे उघडले.

“तिला बाप्तिस्मा म्हणजे काय ते माहीत होतं. म्हणून तिची इच्छा धरता येते.”

“हो.”

“ज्याला माहीतच नव्हतं त्याचं काय? ज्याला कुणी काही सांगितलंच नाही, त्याने इच्छा तरी कसली करायची?”

“त्याचाही विचार आहे,” आत्या भाबडेपणाने म्हणाली. तिला वाटलं गाडी रुळावर आली. “ज्याच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलंच नाही, त्यात त्याचा दोष नाही, आणि जो आपल्याला कळेल तसा सरळपणे देवाला शोधत, आपल्या मनाला पटेल ते चांगलं करत जगला, त्याचंही तारण होऊ शकतं. त्याला कळलं असतं तर त्याने मागितलंच असतं, असं धरतात. होईलच अशी हमी आपण देऊ शकत नाही. पण आशा ठेवायची, प्रार्थना करायची. त्याला बाहेर ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.”

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“म्हणजे? शिकवते की मी. दरवर्षी.”

“दरवर्षी,” वहिनी म्हणाली. “आणि मला बत्तीस वर्षांत एकदाही नाही सांगितलंत.”

“तू कधी विचारलंच नाहीस, वहिनी.”

“विचारलं होतं. तुम्हाला नाही. काकांना.”

आता धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईचे वडील. अण्णा. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटोंचं दुकान, जिन्यापासून संडासाच्या दारापर्यंत भिंती भरलेल्या, आणि त्यात अण्णा नव्हते. एवढंच माहीत होतं की ते ख्रिस्ती नव्हते, सायकली दुरुस्त करायचे, आईचं लग्न या घरात झालं आणि पुढच्या वर्षी ते गेले. आपण कधी विचारलं का नाही, याची तिला आता लाज वाटली.

“अण्णा गेले तेव्हा मी काकांकडे गेले होते,” वहिनी म्हणाली. “त्यांच्या आत्म्यासाठी वेदीवर एक मिस्सा म्हणाल का, एवढंच विचारलं. काका म्हणाले, ‘सूनबाई, त्यांच्यासाठी काय मागायचं? ते बाहेरच राहिले.’”

“काका असं म्हणाले?” आत्याचा विश्वास बसेना. “आपले काका?”

पुढच्या दाराची घंटा वाजली. चार वाजले होते. फिल्म बघायला चारला येतो म्हणाले होते, आणि फादरकाका कधी एक मिनिट उशिरा आल्याचं कुणाला आठवत नाही.

“आम्ही आलो!” बाहेरून आवाज आला.

फादरकाका काठी टेकत आत आले. कानातलं यंत्र त्यांनी अंगठ्याने नीट बसवलं, आणि चौघांची तोंडं बघून थबकले.

“काय, आम्ही मेल्यावर दाखवायची फिल्म केलीत की काय? असे काय बसलात?”

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. पण नेमकी तेव्हाच घंटा पुन्हा वाजली आणि काउंटरवरून एक माणूस ओरडला, “कुणी आहे का? पासपोर्टचे चार फोटो हवेत, अर्जंट!” थोरला असा उठला की जणू सुटकाच झाली. पार्टिशनमागून थोरल्याचा धंद्याचा आवाज येत होता. “मान सरळ. हनुवटी खाली. अजून थोडी. हसू नका साहेब, हसलेला फोटो चालत नाही.” आत हसण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनीने तेवढ्यात हातातली पट्टी कटरवर नेऊन कापली, आठ फोटो पाकिटात भरले, पाकिटावर नंबर घातला आणि परत आली.

थोरला आल्यावर धाकटीने कॅसेट लावली.

मोठीचा इवलासा चेहरा दिसताच फादरकाका हसले. “आम्ही केवढे बारीक होतो तेव्हा,” ते म्हणाले. मग पाणी ओघळलं, ते वाक्य आलं. त्यांना काही खटकलं नाही. खटकणार कसं? साठ वर्षं तोंडात बसलेलं वाक्य.

आत्याला सांगावं लागलं. तिने ते खाली बघून, एका दमात सांगितलं, हट्टाने औषध गिळावं तसं. फादरकाकांनी दोनदा “काय?” विचारलं. दुसऱ्यांदा ऐकू न आल्यामुळे विचारलं नव्हतं.

खोलीत बसायला रिकामं एकच होतं, रंगवलेल्या पडद्यापुढचं फोटोसाठीचं गोल स्टूल. फादरकाका त्यावर बसले. मागे रंगवलेला बगीचा, दोन्ही बाजूंना विझलेले छत्रीदिवे.

“त्या निर्णयाचं पत्र आलं होतं,” ते म्हणाले. “आम्ही निवृत्त झालो होतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आता आमच्या हातून कुठे बाप्तिस्मे होणार, म्हणून वाचलंच नाही. फादर व्हायला सेमिनरीत शिकत होतो तेव्हा आमचे एक गुरू म्हणायचे, जो पुरोहित सारखा मी-मी करतो तो वेदीवर स्वतःच चढून बसतो. ते आमच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून ‘मी’ सोडला. आम्हाला वाटायचं, केवढा नम्रपणा केला!”

त्यांची काठी घसरून खाली पडली. धाकटीने ती उचलून त्यांच्या हातात दिली.

“उद्या बिशपकडे जातो,” ते म्हणाले. “सोहळा रद्द. पत्र लिहायला कुणीतरी मदत करा, हात थरथरतो. सगळ्या गावांच्या नोंदवह्या काढाव्या लागतील. जे जिवंत आहेत त्यांना शोधायला हवं.”

“काका, सोहळा होऊन जाऊ दे ना,” असं म्हणणारी आत्या होती. तासाभरापूर्वी बिशप-बिशप करणारी आत्या! डोळे घळाघळा वाहत होते. “एका महिन्याने काय बिघडतं?”

“उद्याच,” फादरकाका म्हणाले. “आणि तू रडतेस कशाला? बरोबर तर पकडलंस.”

थोरल्याने बहिणीकडे असं पाहिलं, की बघ, हेच मी सांगत होतो. पण तो बोलला नाही, हे त्याचं नशीब.

फादरकाका वहिनीकडे वळले. “सूनबाई, मोठीची काळजी करू नकोस. देव आमच्या व्याकरणापाशी अडून बसत नाही.”

“ते ताईंनी सांगितलं. पटलं मला.”

“शहाणी आहेस. आणि तुझाही बाप्तिस्मा आम्हीच दिला होता, लग्नाच्या आदल्या आठवड्यात. तोही करून घ्यावा लागेल. मुख्य फादरांना आजच फोन करतो. येत्या रविवारी तू आणि धाकटी...”

“काका, मी रस्ता ओलांडताना आज गाडीखाली आले तर?”

“असं काय बोलतेस!” थोरला म्हणाला.

“तुम्ही थांबा. काका, आज मी गेले, बाप्तिस्म्याशिवाय. यांना काय सांगाल?”

“सांगू, की ती देवाच्या हातात आहे. निश्चिंत राहा.”

“लगेच सांगाल?”

“लगेच.”

“अण्णांच्या वेळी काय सांगितलंत?”

फादरकाकांना आठवायला वेळ लागला नाही, आणि ते त्यांच्या तोंडावरून कळलं.

“तेव्हा ही शिकवण नव्हती का?” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. “नवीन निघाली असेल तर तसं सांगा. मला पटेल. जुन्या काळात माणसं कडक बोलायची, मी समजून घेईन.”

आता एक ‘हो’ म्हणायचा होता. नुसता एक हो. थोरला मनातल्या मनात म्हणत होता, म्हणा हो काका, म्हणा आणि सुटा. धाकटीचीही तीच इच्छा होती. आत्याला खरं उत्तर ठाऊक होतं, तरी तिलाही वाटलं की काकांनी ‘हो’ म्हणावं, आपण गप्प बसू. आयुष्यात पहिल्यांदा तिला चुकीच्या पायरीला गुण द्यावेसे वाटले.

फादरकाकांनी यंत्र कानातून काढलं, पुसलं, परत घातलं. तेवढ्या वेळात त्यांना तो दिवस पुरा दिसला. आपल्याला कुणी माफ करावं असं त्यांना आता वाटत नव्हतं. त्यांना फक्त वाटत होतं, आपण हे बोलायच्या आधी मरू नये.

“होती,” ते म्हणाले. “आम्ही शिकत होतो तेव्हाच रोमला जगभरच्या बिशपांची विश्वपरिषद भरली होती. तिने स्वच्छ लिहून दिलं. परीक्षेत प्रश्न आला होता. चांगलं लिहिलं होतं मी.”

“मग?”

“तुझ्या लग्नाच्या दिवशी तुझे वडील माझ्याकडे आले होते.”

वहिनीने चमकून पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

“चर्चच्या मागच्या खोलीत मी झगा काढत होतो. नवा शर्ट होता त्यांचा, घडीच्या रेघा दिसत होत्या. नखांतलं वंगण निघालेलं नव्हतं, म्हणून हात मागे धरले होते. म्हणाले, ‘फादर, माझ्या पोरीवर तुम्ही पाणी घातलंत ते नेमकं कशासाठी असतं? ती सांगते, पण तिला नीट सांगता येत नाही. मी आयुष्यभर पाण्यात हात घालतोय, पण पंक्चर शोधायला. हे पाणी काय करतं?’” फादरकाका थांबले. “केक कापायला सगळे खोळंबले होते. मी म्हणालो, आता गडबड आहे, पुन्हा कधीतरी निवांत बोलू.”

“मग?”

“दोनदा आले नंतर. सायकलवर, एवढ्या लांबून. एकदा मी खरंच बाहेर गेलो होतो. एकदा दुपारची झोप घेत होतो. जागा होतो. खिडकीतून सायकल दिसली. स्वयंपाक्याला म्हटलं, सांग उद्या या.”

आत्याने तोंडावर रुमाल धरला.

“वर्षभरात गेले. तू आलीस. तुला खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की ज्याला कुणी सांगितलंच नाही त्याला देव दोष देत नाही. मग तू विचारलं असतंस, का नाही सांगितलं? कुणी सांगायचं होतं? ते उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. म्हणून म्हणालो, ते बाहेरच राहिले. जसं काही त्यांनीच ठरवलं. ते मेलेले होते, ते थोडेच खुलासा करायला येणार होते?” त्यांनी मान वर केली. “ते बाहेर राहिले नाहीत, सूनबाई. तीनदा आले. मी दार लावून बसलो.”

वहिनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला आता एकच गोष्ट दिसत होती, नवा शर्ट घालून सायकल हाणत आलेले अण्णा. आपल्याला एका शब्दाने बोलले नाहीत. पोरीला नव्या घरात कमीपणा वाटेल म्हणून बोलले नसणार. ती भिंतीला टेकली.

“मोठीसाठी मी रोज प्रार्थना करते,” ती म्हणाली. “तिचं झालं की अण्णा ओठावर यायचे. मी गिळायचे. उपयोग नाही म्हणाला होतात ना तुम्ही. एकतीस वर्षं काका, मी माझ्या बापासाठी देवाकडे एक शब्द मागितला नाही. मला वाटायचं, मागितलं तर देवाला राग येईल आणि तो मोठीवर निघेल.”

“आई,” धाकटी जवळ गेली. वहिनीने तिचा हात धरला.

“मला माफ कर,” फादरकाका म्हणाले.

“होईल की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू?”

“नको बोलूस.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. थोरला पहिल्यांदाच काही पुसायला न बघता नुसता उभा होता. मग तो बायकोजवळ जाऊन उभा राहिला, एवढंच त्याला सुचलं, आणि ते पुरेसं होतं.

“मिस्सा म्हणता येते ना तुम्हाला अजून?” वहिनीने विचारलं.

“येते. रोज म्हणतो.”

“मग बिशपकडे जायच्या आधी, उद्या सकाळी, अण्णांसाठी म्हणा. मोठीचं नाव त्यात घालू नका. तिच्यासाठी मी आहे. ही एकट्या अण्णांची.”

“म्हणतो.”

“मी येईन. आणि पाणी नंतर घाला. रविवारी घाला, पुढच्या रविवारी घाला, मी नाही म्हणत नाही. पण उद्या मी बाप्तिस्मा न झालेलीच बसेन.”

“वहिनी, असं काही तरी करू नकोस,” आत्या कळवळून म्हणाली. “काका, तिला सांगा ना. अगं, बाप्तिस्म्याशिवाय कम्युनियनची पवित्र भाकर घेता येणार नाही तुला. सगळे रांगेत उठतील आणि तू एकटी बाकावर बसून राहशील. अख्खं चर्च बघेल.”

“बघू दे,” वहिनी म्हणाली. “लग्नात अण्णाही बसून होते.”